त्वचेच्या कर्करोगाचे निदान चुकले किंवा लांबले, तर तक्रार कशी करावी : पुण्यातील रुग्ण व नातेवाइकांसाठी

माझ्या मावशीच्या उजव्या टाचेवर काळपट डाग होता. ते कुरूप आहे असे सांगून पहिल्या भेटीत तिला कॉर्न कॅप दिली गेली. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी ब्लेडने वरची कातडी तासली, तिसऱ्या खेपेला कॉटरीने ती जागा जाळली आणि प्रत्येक वेळी चालणे कमी करा एवढे सांगून घरी पाठवले. पहिल्या भेटीनंतर तेरा महिन्यांनी तिच्या जांघेत गाठ आली, तेव्हा दुसऱ्या रुग्णालयात बायोप्सी झाली आणि तो डाग म्हणजे मेलानोमा, अर्थात त्वचेतील रंगपेशींचा कर्करोग, असल्याचे कळले. तिच्या प्रकरणाचे कागद जुळवताना जे शिकले, आणि त्यानंतर ग्राहक आयोगात जाऊ पाहणाऱ्या कुटुंबांचे कागद वाचताना जे पक्के होत गेले, ते येथे मांडत आहे.

घरात असे काही घडले की पहिला उद्गार 'डॉक्टरांनी चुकीचे निदान केले' हाच असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. परंतु तेवढ्या वाक्यावर कोणतीही तक्रार उभी राहत नाही. अशा तक्रारीला दोन तारखा लागतात. पहिली, ज्या दिवशी सर्वसाधारण काळजी घेणाऱ्या डॉक्टरने बायोप्सी करायला किंवा रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवायला हवे होते तो दिवस. आणि दुसरी, प्रत्यक्ष निदान झाले तो दिवस. या दोन तारखांच्या मधल्या काळात रोग पुढे सरकला आणि त्यामुळे रुग्णाचे अमुक नुकसान झाले, हे कागदावरून दाखवता आले तर तक्रारीत दम असतो. पुढचे सगळे विवेचन या दोन तारखा कशा शोधायच्या आणि कशा सिद्ध करायच्या याविषयीच आहे.

आपल्याकडे हा रोग कसा दिसतो

त्वचेचा कर्करोग हा गोऱ्या लोकांचा आजार आहे, अशी समजूत रुग्णांमध्ये आहेच, पण काही डॉक्टरांच्या मनातही ती नकळत बसलेली असते. भारतीयांमध्ये मेलानोमाचे प्रमाण कमी आहे हे खरे. मात्र जो होतो तो बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो, आणि तिथे उन्हाचा काही संबंध नसतो. त्यामुळे तो कुरूप, चामखीळ, नखुर्डे, बुरशीचा संसर्ग, ठेच लागून साकळलेले रक्त किंवा मधुमेही पायाची जखम म्हणून महिनोन्महिने उपचार घेत राहतो. नखात उभी काळी रेघ असेल आणि तो रंग नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर पसरू लागला असेल, तर ते बायोप्सीचा विचार करायला लावणारे जुने आणि सर्वज्ञात लक्षण आहे. डागाचे दोन अर्ध एकमेकांसारखे नसणे, कडा वेड्यावाकड्या असणे, एकाच डागात तपकिरी, काळा, निळसर असे अनेक रंग असणे, आकार सुमारे सहा मिलिमीटरपेक्षा मोठा असणे आणि डाग बदलत जाणे, ही लक्षणे वैद्यकीय अभ्यासक्रमातच शिकवली जातात. काही मेलानोमांना काळा रंग नसतोच, आणि ते ओळखणे खरोखर अवघड असते. तक्रारीचा विचार करताना हा फरक प्रामाणिकपणे लक्षात घ्यावा.

मेलानोमापेक्षा वेगळे असे दोन कर्करोग आहेत. त्यांपैकी एक, ज्याला बेसल पेशींचा कर्करोग म्हणतात, तो चेहऱ्यावर मोत्यासारखी चकाकणारी गाठ किंवा सारखी भरून पुन्हा उघडणारी जखम म्हणून येतो, फार हळू वाढतो आणि क्वचितच शरीरात पसरतो. दुसरा, ज्याला स्क्वॅमस पेशींचा कर्करोग म्हणतात, तो भाजल्याच्या जुन्या व्रणात आणि वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमेत उद्भवू शकतो व वेळीच काढला नाही तर पसरतो. धोतराची गाठ किंवा परकराची नाडी कमरेला सतत घासून तिथे होणारा कर्करोग हा याच जातीचा. डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी धोतराशी निगडित कर्करोगाचे वर्णन १९४५ मध्येच प्रसिद्ध केले होते. कमरेवरच्या चट्ट्याला कित्येक महिने नायट्याचे मलम लावत राहिलेल्या आजीबाईंच्या कुटुंबाने हा इतिहास तक्रारीत जरूर नमूद करावा, कारण महाराष्ट्रातील डॉक्टरला ही शक्यता अपरिचित होती असे म्हणणे त्यानंतर कठीण होते.

कायदा निष्काळजीपणा कशाला म्हणतो

या विषयातील सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना आणि आजही उद्धृत होणारा निकाल पुण्याच्या प्रकरणातूनच आला आहे. १९५३ साली कोकणातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर मांडीचे हाड मोडलेल्या वीस वर्षांच्या तरुणाला पुण्यात आणले गेले आणि उपचारांदरम्यान त्याचा मृत्यू झाला. जोशी विरुद्ध गोडबोले या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणात १९६८ मध्ये न्यायालयाने सांगितले की, रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यावा हे ठरवताना आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना, अशा तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरवर काळजी घेण्याचे कर्तव्य असते. निदान चुकल्याची तक्रार बहुतेक वेळा यांतल्या दुसऱ्या टप्प्यात बसते.

२००५ च्या जेकब मॅथ्यू प्रकरणात न्यायालयाने डॉक्टरांच्या बाजूचीही रेघ स्पष्ट आखली. निर्णयातील निव्वळ चूक म्हणजे निष्काळजीपणा होत नाही, आणि त्या क्षेत्रातील सामान्य कौशल्याच्या डॉक्टरने त्या परिस्थितीत जे केले असते तेच मोजमाप धरायचे असते. म्हणून कोपऱ्यावरच्या फॅमिली डॉक्टरकडून त्वचारोगतज्ज्ञाचे डोळे अपेक्षित नसतात. मात्र आपल्या उपचाराने फरक पडत नाही हे दिसल्यावर तज्ज्ञाकडे पाठवणे त्यांच्याकडून नक्की अपेक्षित असते. त्वचारोगतज्ज्ञाला मात्र तज्ज्ञाच्याच मापाने मोजले जाते. होमिओपॅथीची पदवी असताना ॲलोपॅथीची औषधे देणे हाच निष्काळजीपणा ठरतो, हे १९९६ च्या पूनम वर्मा प्रकरणात ठरले आहे. त्यामुळे ज्यांनी उपचार केले त्यांची पदवी आणि नोंदणी आधी तपासावी. तीळ, मस, चामखीळ काढून देणाऱ्या सौंदर्योपचार केंद्रांच्या बाबतीत तर ही तपासणी पहिल्याच दिवशी करावी.

या केंद्रांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. लेसरने किंवा कॉटरीने जाळलेला तीळ तपासणीला पाठवता येत नाही, कारण तपासायला काही उरलेलेच नसते. संशयास्पद डाग बायोप्सी न करता जाळणे हे माझ्या मते या सगळ्या चुकांमधले सर्वांत गंभीर कृत्य आहे, कारण तिथे निदान तर लांबतेच, शिवाय पुरावाही नष्ट होतो. अशा प्रकरणात उपचारापूर्वी केंद्राने काढलेले 'आधीचे' छायाचित्र हाच एक धागा राहतो. ते जाहिरातीसाठी काढलेले असते आणि त्यांच्या मोबाइलमध्ये किंवा संगणकात असते. ते लेखी अर्ज करून तातडीने मागावे.

कागद गोळा करणे

वकिलाकडे जाण्याआधीचे हे काम आहे आणि यात झालेला उशीर पुढे भरून निघत नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांत देणे बंधनकारक आहे. दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी मात्र उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षेच जपून ठेवण्याचे बंधन आहे. रुग्णाला नोंदी नाकारता येत नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये स्पष्ट केले. अर्ज दोन प्रतींत करावा, आपल्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि सहीसह पोच घ्यावी आणि तोंडी 'उद्या या' यावर परत येऊ नये. पोच देण्यास नकार मिळाला तर तोच अर्ज त्याच दिवशी ई-मेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवावा. सरकारी रुग्णालयातील स्वतःच्या नोंदी माहितीच्या अधिकारातही मागता येतात.

नुसत्या डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नये. प्रत्येक भेटीचा केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, पावत्या, भेटीची वेळ कळवणारे मोबाइलवरचे संदेश, डर्मोस्कोपीची (डाग खास भिंगातून मोठा करून पाहण्याच्या तपासणीची) छायाचित्रे, संमतीपत्रे, बायोप्सीचा अहवाल आणि तो नमुना प्रयोगशाळेकडे पाठवताना डॉक्टरांनी भरलेला फॉर्म, हे सर्व मागावे. शेवटचा कागद बहुतेकांना ठाऊक नसतो, पण त्यावर डॉक्टरांनी आपला संशय स्वतःच्या हाताने लिहिलेला असतो. व्हॉट्सॲपवर डॉक्टरांना डागाचे फोटो पाठवून सल्ला घेतला असेल तर तो संवाद पुसू नये, फोन बदलू नये आणि मूळ फोटो गॅलरीत तसाच ठेवावा, कारण त्या फाइलमध्ये काढल्याची तारीख असते. लग्नाचे, सहलीचे, योगासनांच्या वर्गाचे जुने फोटोही पाहावेत. एखाद्यात तो डाग कोणत्या महिन्यात किती होता हे अनपेक्षितपणे सापडते.

मावशीचे कागद एका जुन्या लग्नपत्रिकेच्या लिफाफ्यात होते. पहिल्या भेटीचा केसपेपर म्हणजे हाताच्या पंजाएवढी चिठ्ठी. तीवर 'उजवी टाच, कुरूप, कॉर्न कॅप दोन आठवडे' एवढाच मजकूर, डागाचा रंग नाही की माप नाही. दुसऱ्या चिठ्ठीवर मात्र त्याच हस्ताक्षरात एक शब्द जास्त होता: 'रक्तस्राव'. रंगीत डाग, उपचाराला दाद नाही आणि वर रक्तस्राव, हे तिन्ही एकाच दिवशी डॉक्टरांच्या समोर होते आणि त्यांनीच त्यातली शेवटची गोष्ट लिहून ठेवली होती. आमची पहिली तारीख तिथे ठरली. त्याआधीच्या भेटीबद्दल आम्ही काहीही आरोप केला नाही, आणि तसे न केल्याचा फायदाच झाला. पहिल्या भेटीत कुरूप वाटणे ही क्षम्य चूक असू शकते, हे आपणच मान्य केले की पुढचे म्हणणे अधिक विश्वसनीय ठरते.

ब्लॉक, स्लाइड आणि तज्ज्ञाचे मत

बायोप्सीचा तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात जपला जातो. त्याला ब्लॉक म्हणतात, आणि त्याचे पातळ काप काचेवर घेतले की स्लाइड होते. अहवाल म्हणजे एका डॉक्टरचे त्या स्लाइडविषयीचे मत. मूळ पुरावा ब्लॉक आहे. निदान चुकले ते दवाखान्यात की प्रयोगशाळेत, हे ब्लॉकवरूनच कळते. समजा, त्वचारोगतज्ज्ञांनी वेळेवर बायोप्सी केली, प्रयोगशाळेने साधा तीळ असल्याचा अहवाल दिला आणि दीड वर्षाने तोच ब्लॉक दुसरीकडे तपासल्यावर मेलानोमा निघाला, तर रोष ज्यांच्यावर आहे त्या डॉक्टरांचा फारसा दोष नसतो. अनेक तक्रारी चुकीच्या माणसाविरुद्ध दाखल होतात त्या अशा. म्हणून ब्लॉक आणि स्लाइड लेखी अर्ज देऊन ताब्यात घ्याव्यात, त्यांवरील क्रमांक अहवालातल्या क्रमांकाशी जुळतो का ते तिथेच पाहावे आणि दुसऱ्या तज्ज्ञ विकृतिशास्त्रज्ञाकडून (पॅथॉलॉजिस्टकडून) त्यांचे पुनर्वाचन करून घ्यावे. कर्करोगाच्या मोठ्या रुग्णालयांत, मुंबईच्या टाटा रुग्णालयातही, बाहेरच्या स्लाइड व ब्लॉक तपासून देण्याची सोय असते.

बायोप्सी झाली, अहवालही बरोबर आला, पण तो रुग्णापर्यंत पोहोचलाच नाही, हाही एक प्रकार आहे. अहवाल संगणकात पडून राहतो, डॉक्टर रजेवर असतात आणि 'काही असेल तर कळवू' या आश्वासनावर रुग्ण थांबून राहतो. असे प्रकरण सिद्ध करायला तुलनेने सोपे, कारण तिथे वैद्यकीय मतभेदाला जागा नसते. अहवालावरची तारीख आणि रुग्णाला कळल्याची तारीख समोरासमोर ठेवली की पुरते.

इतर प्रकरणांत मात्र तज्ज्ञाचे लेखी मत मिळवावे. २०१० च्या किशन राव प्रकरणात, ज्यात मलेरियाच्या रुग्णावर टायफॉइडचे उपचार केले गेले होते, सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक वेळी तज्ज्ञाचा पुरावा अनिवार्य नाही असे सांगितले आहे. तरीही त्वचेच्या कर्करोगात त्यावर विसंबू नये असे मला वाटते, कारण डाग कसा दिसत होता आणि बायोप्सी केव्हा करायला हवी होती हा प्रश्न आयोगाच्या सदस्यांना स्वतःहून सोडवता येण्यासारखा नसतो. पुण्यातले डॉक्टर पुण्यातल्या डॉक्टरांविरुद्ध लिहायला कचरतात. ते गृहीत धरून मुंबई, नागपूर किंवा परराज्यातल्या तज्ज्ञांना विचारावे. त्यांना 'हा निष्काळजीपणा आहे का' असे विचारू नये, तो निर्णय आयोगाचा आहे. विचारायचे ते असे: या तारखेला, या नोंदी समोर असताना, बायोप्सीचा सल्ला देणे ही प्रचलित पद्धत होती का? त्या तारखेला निदान झाले असते तर कोणती शस्त्रक्रिया पुरली असती? आणि आज कोणती करावी लागली?

उशिराने नेमके काय बिघडले

तक्रारी सर्वांत जास्त कोसळतात त्या या ठिकाणी. उशीर झाला हे सिद्ध होते, परंतु उशिरामुळे काय बदलले हे सांगता येत नाही. मेलानोमाची गंभीरता मुख्यतः तो त्वचेत किती खोल गेला यावर ठरते. ही खोली बायोप्सीच्या अहवालात ब्रेस्लो जाडी म्हणून मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते, आणि एक मिलिमीटरपर्यंतचा व चार मिलिमीटरपेक्षा जास्त असलेला मेलानोमा यांच्या भवितव्यात मोठे अंतर असते. त्याचबरोबर वरची त्वचा फुटून व्रण झाला होता का आणि लसीकाग्रंथींमध्ये (जांघ, काख अशा ठिकाणच्या लिम्फ नोड्समध्ये) रोग पोहोचला होता का, हेही पाहावे लागते. पहिल्या तारखेला ग्रंथी सामान्य होत्या अशी एखादी नोंद, जुनी सोनोग्राफी किंवा दुसऱ्या आजारासाठी केलेली तपासणी सापडली, तर ती सोन्यासारखी जपावी.

उलट, चेहऱ्यावरच्या हळू वाढणाऱ्या कर्करोगात चार महिन्यांच्या उशिराने फरक पडला तो एवढाच असू शकतो की टाक्यांचा व्रण थोडा मोठा झाला. त्यासाठी भरपाई मागता येते, पण वर्षानुवर्षे तारखांना जाण्याचा शीण त्या रकमेपेक्षा मोठा ठरू शकतो, आणि असे वाटले तर मी कुटुंबाला स्पष्ट सांगते. केसपेपरवर 'बायोप्सीचा सल्ला दिला, रुग्ण विचार करून सांगणार' असे लिहिलेले असेल आणि रुग्ण सहा महिने गेलाच नसेल, तर तक्रार करू नये. ती नोंद नंतर घुसडली आहे असा संशय असेल तर मात्र शाई, ओळींमधली जागा आणि आपल्याकडची प्रत यांची तुलना करावी. म्हणूनच प्रत्येक भेटीनंतर केसपेपरचा फोटो काढण्याची सवय चांगली.

नुकसानीचा हिशेब बारीकसारीक ठेवावा. शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, पुणे-मुंबई प्रवासाची तिकिटे, मुंबईत राहण्याचा खर्च, रुग्णाचे आणि सोबत्याचे बुडालेले वेतन, कामाला ठेवलेल्या बाईंचा पगार, पुढील उपचारांचे अंदाजपत्रक आणि शारीरिक-मानसिक त्रास, हे सर्व त्यात येते. अनुराधा साहा यांना त्वचेचाच एक भीषण विकार झाला होता आणि चुकीच्या उपचारांनी १९९८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला; त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सुमारे सहा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. तो आकडा पाहून आपल्या तक्रारीत कोटीची रक्कम लिहिण्याचा मोह टाळावा. तिथल्या प्रत्येक रकमेमागे वर्षानुवर्षांचा पुरावा होता.

मुदत

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. लांबलेल्या निदानात ही दोन वर्षे कधीपासून मोजायची यावर वाद होतो. श्रीखंडे विरुद्ध फर्नांडिस या २०१० च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हानी उघड नसेल तर रुग्णाला ती कळली, किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर कळू शकली असती, त्या दिवसापासून मुदत धरता येते. मात्र त्याच प्रकरणात, पोटात राहिलेल्या कापडामुळे अनेक वर्षे वेदना होऊनही चौकशी केली नाही म्हणून महिलेची तक्रार मुदतबाह्य ठरली. म्हणून बायोप्सीचा अहवाल हातात पडल्याच्या दिवसापासून दोन वर्षे मिळतील असे धरून निवांत बसू नये. शक्य असेल तर चुकीच्या उपचाराच्या तारखेपासूनच दोन वर्षांच्या आत दाखल करावे. उशीर झालाच, तर विलंब माफीचा अर्ज सबळ कारणांसह आणि केमोथेरपी वा रुग्णालयातील दिवसांच्या पुराव्यासह सोबत जोडावा.

आयोगात जाताना

पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने ठरले आणि २०१९ च्या नव्या कायद्यानंतरही ते कायम आहे. खर्च विमा कंपनीने केला असला तरी हक्क जात नाही. पुण्यातली कित्येक मोठी रुग्णालये धर्मादाय न्यासांची आहेत. तिथे गरीब रुग्ण म्हणून मोफत उपचार झाले असतील तरी, इतर रुग्णांकडून पैसे घेतले जातात म्हणून, त्या रुग्णालाही तक्रार करता येते. सर्वांनाच मोफत सेवा देणाऱ्या सरकारी वा महापालिकेच्या दवाखान्याविरुद्ध मात्र ही वाट बंद आहे, आणि केसपेपरचे नाममात्र शुल्क भरल्याने ती उघडत नाही. तिथे दिवाणी दावा करावा लागतो.

तक्रार कोणत्या पातळीवर करायची हे आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, सेवेसाठी दिलेल्या रकमेवर ठरते. ती ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. या तरतुदीला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये फेटाळले. त्वचारोगाच्या चार-दोन भेटींचे शुल्क काही हजार असते, त्यामुळे जवळपास प्रत्येक तक्रार पुणे जिल्हा आयोगातच येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला दाखल शुल्क नाही. रुग्ण पुण्यात राहत असेल तर उपचार मुंबईत किंवा साताऱ्यात झाले असले तरी पुण्यात दाखल करता येते. ऑनलाइन दाखल करण्याची सोय पूर्वी ई-दाखिलवर होती, जानेवारी २०२५ पासून ई-जागृती हे नवे संकेतस्थळ सुरू झाले आहे. वकील देणे सक्तीचे नाही. परंतु वैद्यकीय प्रकरणात तो असावा. परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. ग्राहक पंचायतीचे काम १९७४ मध्ये पुण्यातूनच बिंदुमाधव जोशी यांनी सुरू केले. तिथल्या कार्यकर्त्यांचा प्राथमिक सल्लाही उपयोगी पडतो.

नोटीस पाठवणे कायद्याने बंधनकारक नसले तरी पाठवावी, आणि ती शांत भाषेत असावी. तिच्या उत्तरात समोरचा काय बचाव घेणार ते कळते. तक्रारीत डॉक्टर, रुग्णालय आणि आवश्यक असेल तर प्रयोगशाळा यांना जाबदेणार, म्हणजे विरुद्ध पक्ष, करावे. कथन तारीखवार लिहावे, विशेषणे टाळावीत, प्रत्येक तारखेपुढे त्या कागदाचा निशाणी क्रमांक द्यावा. कुटुंबाने काय भोगले हे एका परिच्छेदात प्रामाणिकपणे लिहावे, पण ते तारखांमध्ये मिसळू नये. जाबदेणाऱ्यांना म्हणणे मांडायला ३० दिवस आणि वाढवून १५ दिवस मिळतात, त्यापुढे मुदत वाढत नाही. त्यानंतर पुराव्याची शपथपत्रे, प्रश्नावली, लेखी युक्तिवाद असा क्रम चालतो. कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात वर्षे जातात, हे घरात आधीच बोलून ठेवावे. दरम्यान रुग्णाचा मृत्यू झाला तर तक्रार संपत नाही, वारसांची नावे लावून ती पुढे चालते. मावशीच्या प्रकरणात तिच्या मुलीचे नाव असेच लागले. रुग्णाची प्रकृती खालावत असेल तर त्याचे स्वतःचे शपथपत्र पहिल्याच महिन्यात करून घ्यावे, कारण कोणत्या भेटीत डॉक्टर काय बोलले हे त्याच्याइतके कोणालाच सांगता येत नाही.

इतर वाटा

डॉक्टरांच्या वर्तनाविषयी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. परिषद नोंदणी निलंबित करू शकते, भरपाई देऊ शकत नाही. मात्र तिथला निष्कर्ष आयोगापुढे वजनदार ठरतो. पोलिसांकडे जाण्याची घाई करू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, परंतु त्यासाठी घोर निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो आणि जेकब मॅथ्यू निकालानुसार कारवाईपूर्वी पोलिसांनी तटस्थ, शक्यतो सरकारी डॉक्टरांचे मत घ्यायचे असते. पुण्यात हे मत बहुधा ससूनच्या समितीकडून येते. निदान लांबल्याच्या प्रकरणात ते रुग्णाच्या विरुद्ध आले, तर तोच कागद आयोगात आपल्यापुढे ठेवला जातो. रुग्णालयात जाऊन आरडाओरडा किंवा धक्काबुक्की झाल्यास २०१० च्या राज्याच्या कायद्याखाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा नातेवाइकांवरच दाखल होतो.

जिल्हा आयोगाच्या निकालाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते, आणि ज्याला रक्कम भरण्याचा आदेश झाला आहे त्याला अपिलासाठी त्यातली निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते. निकालाची प्रमाणित प्रत पक्षकाराला विनामूल्य मिळते. ती निकाल लागताच मागून घ्यावी. तोपर्यंत ब्लॉक आणि स्लाइड घरात कोरड्या, उन्हापासून दूर अशा जागी, क्रमांक लिहिलेल्या डबीत ठेवाव्यात, आणि अपिलाची मुदत टळेपर्यंत त्या कोणालाही मूळ स्वरूपात परत देऊ नयेत. प्रयोगशाळेला त्या लागल्याच तर पोच घेऊन, छायाचित्र काढून आणि परतीची तारीख लिहून घेऊनच द्याव्यात.